मागचे डबे ग्रेन्त्सब्रुनला

१

काही माणसं सकाळी कॉफीबरोबर पेपर वाचतात. एगॉन हाउक गाड्यांची वेळापत्रकं वाचायचा. शाळेत जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर त्याने देशभर चालणारा महिन्याचा पास काढला, आणि तेव्हापासून त्याच्या अंगात जणू वारं भरलं. पास चालायचा तो फक्त साध्या गाड्यांना, म्हणजे गावागावाला थांबत, दम खात जाणाऱ्या. पांढऱ्या जलद गाड्यांत तो पास दाखवला तर तपासनीस तुमच्याकडे दयेने बघायचा.

एगॉनला त्याचं काही वाटायचं नाही. उलट अभिमानच. "जलद गाडीतून काय दिसतं? बोगदे आणि भिंती. साध्या गाडीतून देश दिसतो," असं तो येईल त्याला ऐकवायचा. कुठली गाडी कुठे बदलायची, कुठल्या स्टेशनात गाडी मधोमध तुटते, पुढचे डबे कुठे जातात आणि मागचे कुठे, सगळं त्याला तोंडपाठ होतं. चुकीच्या अर्ध्यात बसणाऱ्या लोकांचे किस्से तर त्याचे खास लाडके. नवरा पुढच्या डब्यात, बायको मागच्या डब्यात, आणि पोचले दोघं दोन गावांना. हा विनोद त्याने इतक्यांदा सांगितला होता की रोस्विता, त्याची बायको, हसण्याच्या जागी नुसती मान हलवायची. तिला देश बघून बघून वीट आला होता.

त्या नोव्हेंबरातल्या सकाळी फोन आला तेव्हा बाहेर फुल्डा शहर धुक्यात बुडालेलं होतं. फोन व्रोनीचा होता, रोस्विताच्या बहिणीच्या मुलीचा, पार खाली जंगलाकडच्या आल्टेनमूसहून.

"मावशी, आईचा आजचा दिवस म्हणतात डॉक्टर. संध्याकाळपर्यंतही सांगता येत नाही म्हणतात. तू जलद गाडीने ये गं. प्लाटलिंगपर्यंत एकच गाडी आहे, मी बघून ठेवलंय. तिथून जंगलगाडी पकड. दुपारी पोचशील."

"बोलतेय का बुर्गी?"

"बोलतेय की. सकाळपासून कोट मागतेय. हिरवा कोट. स्टेशनवर जायचंय म्हणते, तुम्हाला घ्यायला."

बुर्गीचं ते जन्माचं होतं. पाहुणा येणार म्हटलं की ती हिरवा लोकरीचा कोट चढवून फलाटावर हजर. गाडी थांबली की डब्याडब्याच्या काचेवर बोटातली अंगठी वाजवत चालायची, टक टक टक, आपलं माणूस दिसेपर्यंत. लहानपणी रोस्विता शाळेतून यायची तेव्हाही, आणि अगदी गेल्या ईस्टरलाही.

रोस्विताने स्वतःचा कोट घातला, पिशवी भरली. स्वयंपाकघरात एगॉन काळ्या पावाला लोणी लावत होता. प्रवासाची तयारी त्याची तिच्या आधी झाली होती.

"आज नको, एगॉन," ती म्हणाली.

"काय नको?"

"तुझं हे. पास, बदलाबदली. मी जलद गाडीचं तिकीट काढते."

"काढ. पण ती गाडी आज पाऊण तास उशिरा दाखवतायत. पाऊणचा दीड होतो, दीडची रद्द होते. मागच्या वर्षी शेतात दोन तास बसलो होतो, आठवतं? आपली साधी गाडी वेळेवर आहे." त्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "तुला फलाटावर थंडीत उभं राहायचं असेल तर राहा. मी निघतो."

बहीण मरणाच्या दारात असताना समोर उभी असलेली गाडी सोडून न आलेल्या गाडीची वाट बघायची, याला छाती लागते. रोस्विताकडे त्या सकाळी ती नव्हती. फलाटावर लाल गाडी दारं उघडी टाकून उभी होती, आत ऊब होती. ती चढली. एगॉनने विजयी चेहरा केला नाही एवढं मात्र खरं. त्याला जिंकायची सवयच होती.

२

वुर्त्सबुर्गनंतर त्यांनी दुसरी गाडी धरली. चार खुर्च्यांचा चौक एगॉनने नेहमीसारखा काबीज केला. खिडकीशी तो, तिरपी समोर रोस्विता, आणि शेजारच्या खुर्चीवर त्याची चामड्याची बॅग. कुणी येऊन "इथे कुणी बसलंय का?" विचारलं की तो बॅगेवर पंजा पसरून म्हणायचा, "बसलंय." खोटं बोलताना त्याचा आवाज जरासुद्धा हलायचा नाही.

रोस्विताच्या डोक्यात आईचं मरण घोळत होतं. तेव्हाही हेच झालं होतं. साध्या गाड्या, चार बदल, आणि पोचले तेव्हा बुर्गीने आईचे डोळे मिटून, जीव बाहेर जावा म्हणून खिडकी उघडून, मेणबत्तीसुद्धा विझवली होती. वरातीमागून घोडं. बुर्गी रडली नव्हती. ती एगॉनला 'मालगाडी' म्हणायची, लग्नापासून. लग्नालाही तो उशिराच पोचला होता. पण त्या दिवशी तिने थट्टा केली नाही. दारातच त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "परत असं केलंस ना एगॉन, तर मी वाट बघत बसणार नाही. मीच येईन तुला घ्यायला."

तो हसला होता. "ये की. मग काय, तिकिटाचा प्रश्नच मिटला."

गाडी हळू होत होत एका बाजूच्या रुळावर थांबली. फलाट नव्हता, गाव नव्हतं. दोन्हीकडे बीटाची उपटलेली शेतं आणि वर धुकं. भोंग्यातून आवाज आला, जलद गाडीला वाट देण्यासाठी आपण काही मिनिटं थांबत आहोत, समजून घ्याल अशी आशा आहे.

रोस्विताने एगॉनकडे पाहिलं. तो अंडं सोलत होता.

"हीच ना ती?"

"कुठली?"

"उशिरा येणारी. रद्द होणारी."

त्याने टरफलं रुमालावर गोळा केली, एकेक. बाहेर आधी रूळ गुणगुणले, मग पांढरी गाडी आदळली. डबा हलला, थर्मासमधली कॉफी हलली, उजेडाच्या खिडक्यांची एक लांब पट्टी डोळ्यांसमोरून ओढली गेली, आणि परत धुकं. तिथे बसलेल्या माणसांत आपण असायला हवं होतं, हे रोस्विताला अगदी स्पष्ट वाटलं. तिला त्या क्षणी नवऱ्याचा राग नाही आला. किळस आली.

डब्यात शांतता होती. गाडी अजून उभीच होती.

टक टक टक.

एगॉनच्या खिडकीच्या काचेवर. बाहेरून. शेताच्या बाजूने.

अंडं धरलेला एगॉनचा हात तोंडापाशी थांबला. दोघांनीही काचेकडे पाहिलं. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. शिवाय रुळावरून डब्याची खिडकी किती उंच असते, जमिनीवर उभ्या माणसाचा हात तिथपर्यंत पोचत नाही.

"हातोडी," एगॉन म्हणाला. काच फोडायची छोटी लाल हातोडी खिडकीच्या वर खोबणीत लटकत होती. "गाडी हलली की वाजते."

"गाडी उभी आहे."

"आत्ता गेली ना ती गाडी शेजारून. त्याने हादरे बसतात. पदार्थविज्ञान आहे ते, रोसी."

त्याने अंडं खाल्लं. मीठ लावायला मात्र विसरला.

३

न्युर्नबर्गला गाडी बदलताना रोस्विताने फलाटावरूनच फोन लावला.

"आहे गं अजून," व्रोनी म्हणाली. "शांत झालीय. कोट घातला शेवटी अंगात. नर्स नको म्हणत होती, पण आई ऐकेना, मग मीच घातला. तेव्हापासून डोळे मिटून पडलीय. झोपलीय म्हणावं तर झोपही नाही. हात चालू आहे."

"हात म्हणजे?"

"अंगठी पलंगाच्या दांडीवर वाजवतेय. तीनदा. मग थांबते. परत तीनदा. तू कुठे आहेस? प्लाटलिंगला ना?"

रोस्विताला खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. "येतेय," ती म्हणाली. "कोट कधी घातलास?"

"अकरा वाजून गेल्यावर. का गं?"

समोर एगॉन दोन हातात दोन बॅगा घेऊन फलाट क्रमांक दाखवत होता, चल चल. ती चालू लागली. काय हिशेब करायचा तो तिच्या डोक्याने आपणहून केला होता. गाडी बीटाच्या शेतात उभी होती तेव्हा अकरा वाजून गेले होते. पण अकरा वाजून गेल्यावर जगात हजार गोष्टी होतात. कुठे पलंगाची दांडी वाजते, कुठे काच वाजते. या दोन आवाजांना एका दोरीत ओवणारी आपण कोण, असं तिने स्वतःला विचारलं. शेजारीणबाईंनी असं काही सांगितलं असतं तर ती मागे वळून हसली असती.

रेगेन्सबुर्गच्या वाटेवर प्रत्येक थांब्याला ते वाजलं. गाव येई, दारं उघडत, माणसं चढत उतरत, दारं मिटत, आणि गाडी निघायच्या आत एगॉनच्या काचेवर तीन टकटक. दुसऱ्या कुणी मान वर करत नव्हतं. समोरच्या चौकातला म्हातारा शब्दकोडं सोडवत होता. एकदा रोस्विताने मुद्दाम उठून खिडकीला कपाळ टेकून पाहिलं. फलाटावर सायकल घेतलेली एक बाई, कचऱ्याचं पिंप, घड्याळ. हिरवं काही नव्हतं. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

एगॉनने खिशातला रुमाल काढून हातोडीला गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली.

"झालं," तो म्हणाला.

पुढच्या थांब्याला काच वाजली. रुमाल जागचा हलला नव्हता.

त्याने वेळापत्रकाच्या पानात डोकं घातलं. पान उलटं होतं.

"एगॉन, तुला ऐकू येतंय."

"मला काही ऐकू येत नाही."

"तुला घ्यायला येईन म्हणाली होती ती."

"रोसी, तुझी बहीण आजारी आहे म्हणून मी गप्प आहे," तो म्हणाला. "नाहीतर असलं बाष्कळ बोलणं मी वर्गात पोरांचंसुद्धा ऐकून घेतलं नसतं."

त्याचं म्हणणं चूक होतं असंही नाही. पण मग तो खिडकीपासून इतका सरकून का बसला होता, ते त्याने सांगितलं नाही.

४

प्लाटलिंगला जंगलगाडीची वाट बघत असताना फोन वाजला. व्रोनी एवढंच म्हणाली, "गेली, मावशी."

रोस्विता फलाटावरच्या लोखंडी बाकावर बसली. बाक बर्फासारखा गार होता.

"आत्ताच. दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत. मधे डोळे उघडले तिने. म्हणाली, निघते, घ्यायला जायला हवं. कोणाला गं आई, म्हटलं, तर हसली नुसती. मग हात थांबला." व्रोनी नाक ओढत होती. "त्या गाडीने आली असतीस तर तासभर मिळाला असता तुला. तासभर तरी."

रोस्विताने फोन मांडीवर ठेवला. एगॉन शेजारी उभा होता. त्याला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि काही माणसांना अशा वेळी नेमकं जे बोलू नये तेच सुचतं.

"मग आता घाई कसली," तो हलकेच म्हणाला. "आता गाडी चुकली तरी चालेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांत या माणसाला तिने पुष्कळ नावं ठेवली होती, मनात आणि तोंडावर. आता एकही आठवेना. सगळी अपुरी होती.

जंगलगाडी आली. दोन छोट्या गाड्या एकमेकींना जोडलेल्या, अशी ती असते; एकीतून दुसरीत आतून जाता येत नाही. काल्टेनफुर्टला त्या एकमेकींपासून सुटतात. पुढचे डबे आल्टेनमूसला जातात, मागचे सीमेजवळ ग्रेन्त्सब्रुनला, जिथे रूळच संपतात. एगॉनने तिला कोपराला धरून पुढच्या गाडीत चढवलं. चौक पकडला. खिडकीशी तो, शेजारी बॅग. रोस्विता समोर, पण खिडकीपासची जागा तिने सोडली आणि वाटेच्या कडेला बसली. त्याच्या अगदी समोर बसायची तिची इच्छा नव्हती. ती जागा रिकामी राहिली.

गाडी चढण चढू लागली. बाहेर झाडं जवळ आली, उजेड आटला. टकटक बंद झाली होती. एका थांब्यावर नाही, दुसऱ्यावर नाही. एगॉनने सुटकेचा श्वास टाकला आणि पावाचा डबा उघडला.

मधल्या एका गावात एक जाडजूड बाई धापा टाकत चढली. हातात भाजीच्या दोन पिशव्या. डबा भरलेला होता. ती चौकापाशी थांबली.

"इथे कुणी बसलंय का?"

एगॉनने सवयीने बॅगेवर पंजा पसरला. "बसलंय."

बाईने मान हलवली आणि रोस्विताच्या शेजारच्या, खिडकीजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. बघताच तिचा चेहरा ओशाळला.

"माफ करा हं, बाई," ती त्या जागेला म्हणाली. "लक्षातच नाही आलं माझ्या." आणि पिशव्या सावरत पुढे निघून गेली.

रोस्विताची मान वळेना. डोळ्यांच्या कडेतून खुर्चीची निळी पाठ दिसत होती, त्यापलीकडे काच आणि काचेत काळवंडलेली झाडं. दुसरं काही नव्हतं. बाई दमलेली होती, एवढंच. कुणाचाही गोंधळ होतो. आपण दोघं असे विखरून बसलोय, तिला वाटलं असेल कुणी उठून गेलंय. हे सगळं नीट पटण्यासारखं होतं. ते पटवून घेत तिने हळूच हात सरकवून खुर्चीवर ठेवला.

खुर्ची ओली होती. दमट लोकरीचा वास तिच्या बोटांना लागला, धुक्यातून चालत आलेल्या कोटाचा.

टक टक टक.

आता आतून. एगॉनच्या समोरच्या काचेवर, त्याच्या गुडघ्यापासून हातभरावर.

एगॉनचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. त्याने डबा मिटला, कडी लावली आणि उठून उभा राहिला.

"टॉयलेटला जाऊन येतो."

टॉयलेटच्या दारावर 'बंद आहे' अशी पाटी होती. ती त्यांनी चढतानाच पाहिली होती, आणि एगॉनने त्यावर दोन वाक्यांचं भाषणही केलं होतं.

"बंद आहे," रोस्विता म्हणाली.

"ठाऊक आहे. काल्टेनफुर्टला उतरून मागच्या गाडीत जातो. तिथे गाडी बराच वेळ उभी असते. मला तू शिकवू नकोस." तो दाराशी जाऊन उभा राहिला, पाठ वळवून. बॅग जागेवरच राहिली. तिला त्याच्या मानेमागे घाम दिसला. आणि एक विचार तिच्या मनात आला, तो तिने हाकलला नाही: बुर्गी माझ्या शेजारी येऊन बसली, पण बघत होती त्याच्याकडे.

५

काल्टेनफुर्ट म्हणजे एक फलाट, एक दिवा आणि मागे काळं जंगल. भोंगा बोलला: गाडी इथे विभागली जाईल. पुढचे डबे आल्टेनमूसला. मागचे डबे ग्रेन्त्सब्रुनला. कृपया आपण योग्य डब्यात असल्याची खात्री करून घ्या. एगॉन हे वाक्य नेहमी भोंग्याबरोबर म्हणायचा, मुद्दाम शाळामास्तरी सुरात. आज तो काही न म्हणता उतरला.

रोस्विता बसून राहिली. शेजारची खुर्ची आता कोरडी होती. तिने दोनदा हात लावून पाहिला.

खाली लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, दोन्ही गाड्यांचे सांधे सुटले. मग दारांची किरकिरी शिटी. मागची गाडी आधी निघते, उलट तोंडाने, हे तिला ठाऊक होतं. तेही एगॉननेच सांगितलेलं.

ती उठली, फलाटावर उतरली आणि मागे चालू लागली. पळाली नाही. पळाली असती तर कदाचित दाराचं बटण हाती लागलं असतं. पण पायांत घाई येईना. मग आता घाई कसली, हे वाक्य त्यांच्यात शिरून बसलं होतं.

मागच्या गाडीत उजेड होता. टॉयलेटचं दार उघडं, आत कुणी नाही. पुढच्या खिडकीत तिला एगॉन दिसला.

तो बसलेला होता. खिडकीशी, एका चौकात, पाठ सरळ, हात गुडघ्यांवर, वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखा. त्याच्या समोर कुणीतरी बसलं होतं. रोस्विताला फक्त पाठ दिसली. हिरव्या लोकरीची कॉलर, तिच्यावर करड्या केसांचा आंबाडा, आणि काचेला टेकलेला हात. त्या हाताचं बोट किंचित वर होतं.

दारं मिटली होती. रोस्विताने हात उचलला आणि आपल्या अंगठीने काचेवर वाजवलं. टक टक टक. वाजवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण नेमकं काय केलं. फलाटावर उभी राहून डब्याच्या काचेवर आपल्या माणसासाठी अंगठी वाजवायची, ती जागा बुर्गीची. त्या जागेवर आज ती होती, आणि बुर्गी आत.

एगॉनने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे ओले होते. तिने दाराकडे बोट केलं, ऊठ, बटण दाब, ये. तो उठला नाही. त्याने फक्त एक केलं. आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पंजा पसरून ठेवला, आणि ओठ हलवले. काचेतून आवाज येत नव्हता, पण तो शब्द तिने त्याच्या तोंडून आयुष्यभर ऐकला होता.

बसलंय.

त्याने तिला वाचवलं की नेहमीसारखी जागा अडवली, हे तिला तेव्हा कळलं नाही. पुढेही कळायचं नव्हतं.

"बुर्गी," ती म्हणाली. मग मोठ्याने, काचेला तोंड लावून, "बुर्गी, मी आलेय गं. मी आहे इथे."

हिरवी कॉलर हलली नाही. गाडी निघाली. रोस्विता चार पावलं बरोबर चालली, मग फलाट संपला. खिडक्यांचा उजेड झाडांत शिरला आणि झाडांनी तो गिळला.

"तुम्हाला आल्टेनमूसला जायचंय ना?" पुढच्या गाडीच्या दारातून तपासनीस बाईने हाक मारली. "चढा मग. सोबत कुणी राहिलंय का मागे?"

"नवरा मागच्या डब्यात गेला," रोस्विता म्हणाली.

तपासनीस बाई हसली. "होतं असं. रोज एक तरी असतोच. तिकडच्या टोकाहून संध्याकाळची गाडी आहे परत, काळजी नका करू."

६

गाडी निघाली तेव्हा एगॉनची बॅग तिच्या समोर बसून होती. भाजीच्या पिशव्यावाली बाई अजून उभीच होती. परत येऊन तिने विचारलं, "आता रिकामी आहे का हो?"

रोस्विताने बॅग उचलून मांडीवर घेतली. "बसा."

बाईने बसायच्या आधी खिडकीजवळच्या जागेकडे पाहिलं. "त्या बाई उतरल्या वाटतं."

"हो," रोस्विता म्हणाली. "त्यांना घेऊन जायचं होतं कुणालातरी."

आल्टेनमूसला व्रोनी फलाटावर उभी होती, कोटाशिवाय, लोकरी जाकीट घालून. ती काचांवर न वाजवता नुसतीच आत बघत चालत होती. रोस्विता उतरल्यावर तिने तिला मिठी मारली आणि मग तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"काका?"

"तुझा काका चुकीच्या डब्यात बसला."

"एगॉनकाका?" व्रोनी रडता रडता हसली. "तो? त्याला फोन लाव की."

"लावला. वाजतोय."

तो खरंच वाजत होता. रोस्विताच्या मांडीवरच्या बॅगेतच वाजला होता, मघाशी, पाव आणि थर्मासच्या मधे. हे तिने सांगितलं नाही.

"चल," व्रोनी म्हणाली. "खोलीची खिडकी अजून उघडलेली नाही मी. म्हटलं तू येईस्तोवर थांबावं. कोटही अंगात तसाच आहे. तुला बघायचंय ना आईला?"

रोस्विता चालता चालता थांबली. स्टेशनच्या छपराखाली रुळांवर धुकं उतरत होतं, आणि दूर, ग्रेन्त्सब्रुनच्या बाजूला, कुठेच गाडी वाजत नव्हती. जन्मभर बुर्गी तिच्यासाठी फलाटावर येत होती. आज शेवटची आली, इतक्या लांब आली, आणि आली ती त्याच्यासाठी. ज्याने उशीर केला त्याला ती समोरासमोर भेटली.

"मी पाहिलं तिला," रोस्विता म्हणाली.

"कधी?"

"पाठमोरी."